नव्वद चौकोन

नवीन वर्ष नव्हतं, वाढदिवसही नव्हता.
फेब्रुवारीतल्या एका मंगळवारी
सदरच्या दुकानातून चौकटींची वही आणली,
अठ्ठावीस रुपयांची,
आणि पहिल्या पानावर लिहिलं : राग.

दिवसाला एक चौकोन.
चिडलो नाही तर हिरवी फुली,
चिडलो तर कोरा.
पहाटे पाचला अंबाझरी,
डोक्यात कळ उठली की दहापर्यंत आकडे,
दहा पुरेनात तेव्हा वीस.
पतसंस्थेत एकोणीस वर्षं दुसऱ्यांची खाती जुळवली,
आता स्वतःचं उघडलं होतं
आणि सांगतो, शिल्लक वाढत होती.
हेमलता म्हणाली, "बदललात तुम्ही."
मी नम्रपणे मान खाली घातली.
(नम्रतेचं वेगळं पान होतं.)

तलावाच्या बांधावर ढोमणे भेटायचा,
नऊ किलो उतरलेला, घामानं चमकणारा.
"स्वतःला स्वतःच उचला लागते, सर,
वरून कोणी येत नाही."
मला पटायचं.
अजूनही अर्धं पटतं.

मे महिन्यात, शेहेचाळीस अंशांच्या दुपारी
कूलरचा पंप बंद पडला.
झाकण काढलं तर टाकीत
तीन होड्या, एक बुडालेली,
पाण्यात हिरवा रंग सुटलेला.
माझ्या फुल्या.
मार्च अख्खा, एप्रिलचे दोन आठवडे.
योना मागे उभा होता, चौथी होडी हातात घेऊन,
मला दाखवायला आणलेली.

हात आधी गेला.
आकडे नंतर मोजले, वीसपर्यंत, नीट, एकही न गाळता.

तो रडला नाही. कान लाल झाला.
तो नव्वदावा दिवस होता.

रात्री लाईट गेली, आम्ही गच्चीवर अंथरुणं टाकली.
दूर कामठी रोडवर ट्रकांचा आवाज.
मी माफीचं वाक्य जुळवत होतो :
"चुकलंच माझं, पण तूही",
मग "पण" खोडलं,
मग "तूही" खोडलं,
मग काहीच उरेना.
तेवढ्यात तो झोपेत वळला,
पाय माझ्या पोटावर टाकला,
म्हणाला, "बाबा, सरका न जरा,"
आणि माझा हात ओढून गालाखाली घेतला.
उजवा.
तोच.

मी हात हलवला नाही.
पहाटेपर्यंत त्याला मुंग्या येत राहिल्या.

कृपा हा शब्द मी जन्मापासून ऐकतोय,
घराच्या पाटीसारखा,
रोज दिसतो म्हणून कधीच न वाचलेला.
त्या रविवारी प्रभुभोजनाला गुडघे टेकले,
ओंजळ पुढे केली,
बोटाला हिरवी शाई तशीच.
गायधने पाळकांनी विचारलं नाही काही.
भाकरीचा तुकडा ठेवला आणि पुढे सरकले.
माझ्या शेजारी मोझेस ठेकेदार होता,
ज्यानं माझ्या भावाचे दीड लाख बुडवले.
त्यालाही तेवढाच तुकडा.
मापून बघितला मी, डोळ्यांनी.
हे मला अजून पचलेलं नाही.
हिशेबनीस म्हणून हरकत नोंदवून ठेवतो.
पण त्याच नियमात मीही बसलो होतो,
हे खोडता येत नाही.

ढोमणेला सांगायचा प्रयत्न केला, बांधावर.
म्हटलं, ज्या पाटावर उभा आहेस
तो पाट उचलून बघ एकदा.
तो हसला, म्हणाला, "मग काय, चालणं सोडता?"
नाही सोडलं.
राग गेला असंही नाही,
परवाच रिक्षावाल्यावर ओरडलो, व्हेरायटी चौकात.
फक्त घरी आल्यावर लिहायला वही नव्हती,
आणि त्यामुळे जरा उघडं उघडं वाटलं.

माफी शेवटी सोमवारी मागितली,
कूलरच्या पंपातून कागदाचा लगदा काढता काढता.
योना टॉर्च धरून बसला होता.
"कशाची?" म्हणाला.
मग त्याला आठवलं.
"अच्छा, ती,"
आणि टॉर्च नीट धरला,
मला दिसावं म्हणून.